आयर्लंडच्या आज्या आणि आपली नागीण

गेले चार-पाच दिवस गावातल्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरतेय. ‘आयर्लंडच्या आजीबाईंचे त्वचारोगांवरचे गुप्त उपाय’. फोटोत हिरवंगार कुरण, दगडी घर आणि डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी. खाली यादी. चामखीळ, गजकर्ण, भाजणं, रांजणवाडी, नागीण. प्रत्येकावर एकेक उपाय आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य, ‘डॉक्टर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत’. मला ती सात जणांनी पाठवली. दोघांनी विचारलं, ‘दादा, हे खरं आहे का?’ एकाने विचारलं, ‘डँडेलियन आपल्याकडे कुठल्या नर्सरीत मिळेल?’

हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देता येत नाही, म्हणून हे लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट मान्य करतो. त्या पोस्टमधले बरेचसे उपाय बनावट नाहीत. आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत ते खरोखर केले जायचे आणि त्यातले काही आजही केले जातात. हे आपल्याला इतकं खात्रीने कळतं त्याचं कारण मला उपायांपेक्षा जास्त भावलं.

1937 साली, म्हणजे आयर्लंड स्वतंत्र होऊन उणीपुरी पंधरा वर्षं झाली असताना, तिथल्या लोकपरंपरा आयोगाने शिक्षण खातं आणि शिक्षकांच्या संघटनेला बरोबर घेऊन एक काम काढलं. प्राथमिक शाळेतल्या वरच्या वर्गातल्या, साधारण अकरा ते चौदा वयाच्या मुलांना सांगितलं, की नेहमीचे निबंध बाजूला ठेवा. घरी जा, आजीला, आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि ते सांगतील ते वहीत उतरवून आणा. गावातल्या विहिरी, भुताखेताच्या गोष्टी, हवामानाचे आडाखे, दुष्काळाच्या आठवणी आणि घरगुती औषधं. 1939 पर्यंत हे चाललं. सुमारे 5,000 शाळा, सुमारे 50,000 मुलं आणि सगळं मिळून सात लाखांवर पानं! आज तो सगळा ठेवा डब्लिनच्या विद्यापीठात आहे आणि इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतो. शाई सांडलेली, खोडाखोड केलेली, शिक्षकाने लाल पेनाने सुधारलेली पानं जशीच्या तशी दिसतात. मी काही डब्लिनला गेलेलो नाही, पण रात्री अंक छपाईला गेल्यावर मोबाईलवर ती पानं बघत बसण्याचं व्यसन मला लागलंय, हे घरचे सांगतील.

आता त्या वह्यांमध्ये काय आहे ते बघा.

चामखीळ हा तर मुलांचा आवडता विषय. डँडेलियनचा देठ तोडला की पांढरा चीक येतो, तो रोज लावायचा. दक्षिणेकडे, केरी-कॉर्कच्या बाजूला, स्पर्ज नावाच्या झाडाचा चीक लावायचे. हे झाड आपल्या शेराच्या जातीतलं. आपल्याकडेही चामखिळीवर रुईचा किंवा शेराचा चीक लावणारे आहेतच. दुसरा उपाय असा, की खडकाच्या खळग्यात साचलेल्या पावसाच्या पाण्यात हात बुडवायचा, पण ते पाणी शोधत जायचं नाही, वाटेत अवचित सापडलं तरच गुण येतो. तिसरा, गोगलगाय चामखिळीवर चोळून काट्याला टोचून ठेवायची. ती सुकत जाईल तशी चामखीळ सुकते. आणि चौथा वाचून मला आपलं गावच आठवलं. जितक्या चामखिळी तितके खडे एका पुडीत बांधायचे आणि पुडी चौकात टाकून यायची. जो उचलेल त्याच्याकडे चामखिळी जातील. आपल्याकडे तिठ्यावर लिंबू-नारळ दिसला की आई हात धरून बाजूला ओढते ना, तेच.

रांजणवाडी आली तर गूजबेरीच्या झाडाचे दहा काटे घ्यायचे. नऊ काटे एकेक करून डोळ्याकडे रोखायचे आणि दहावा फेकून द्यायचा. नेटल नावाचं एक झाड लागलं की अंगाची आग होते, त्यावर डॉकचं पान चोळायचं. हा डॉक म्हणजे आपल्या अंबट चुक्याचा चुलतभाऊ. भाजलं तर घराच्या छपरावर वाढणाऱ्या हाऊसलीक या मांसल पानांच्या झाडाचा गर लावायचा. आपल्या पानफुटीच्याच घराण्यातलं झाड. ते छपरावर असलं की घराला आग लागत नाही, असंही मानायचे. भाजण्यावरच दुसरा उपाय म्हणजे, ज्याने पालीसारख्या दिसणाऱ्या, पाण्यात राहणाऱ्या न्यूट नावाच्या प्राण्याचं पोट जिभेने चाटलं आहे, त्या माणसाने जखम चाटायची. त्याच्या जिभेत कायमचा गुण येतो म्हणे. (ग्रुपवरच्या पोस्टमध्ये हा उपाय बरोबर गाळलाय. हिरव्या कुरणाच्या फोटोबरोबर तो शोभला नसता.)

आणि मग येतात ती ‘गुण’ असलेली माणसं. सातवा मुलगा, त्यातून सातव्या मुलाचा सातवा मुलगा असेल तर विचारूच नका. बाळ जन्मलं की त्याच्या मुठीत गांडूळ ठेवायचं, ते मेलं तर पोराच्या हातात गजकर्णाचा गुण आहे. लाल चट्टा वणव्यासारखा पसरत जाणारं दुखणं, ज्याला आपण धावरं म्हणतो, त्यावर कीओ आडनावाच्या माणसाच्या रक्ताचा थेंब लावायचा. अशा माणसांबद्दल तिकडे ‘अमक्याकडे क्युअर आहे’ असं म्हणतात. बहुतेकांचे नियम ठरलेले. पैसे मागायचे नाहीत. घेणाऱ्यानेही ‘थँक्यू’ म्हणायचं नाही, नाहीतर गुण येत नाही. आजही उत्तरेकडच्या आणि मधल्या जिल्ह्यांत नागीण झाली, भाजलं, गजकर्ण झालं, की लोक अशा घरांचा पत्ता विचारत जातात. मोटारीतून जातात, हातात स्मार्टफोन असतो, तरी जातात. तेव्हा ‘आपलेच लोक अडाणी’ असं म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.

आता खरं-खोटं.

चामखीळ एका विषाणूमुळे होते आणि बहुतेकदा आपोआप जाते. मुलांमधल्या साधारण दोन तृतीयांश चामखिळी दोन वर्षांत काही न करता नाहीशा होतात. म्हणजे गोगलगाय चोळा, खडे टाका किंवा नुसते बसून राहा, श्रेय शेवटी ज्याने शेवटचा उपाय केला त्याला. चीक लावण्यात थोडंफार तथ्य असू शकतं, कारण तो कातडी जाळतो. पण तोच चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो, हे शेताच्या बांधावर वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. डॉकचं पान थंड असतं आणि चोळण्याने लक्ष वळतं. आम्ल-अल्कलीची जी गोष्ट त्याला चिकटवतात ती जुळत नाही, कारण नेटलच्या काट्यात हिस्टामिनसारखी बरीच इतर द्रव्यं असतात. भाजलेल्या जागी कुणाची जीभ लावणं म्हणजे जखमेत जंतू सोडणं. भाजलं तर नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. लोणी नको, टूथपेस्ट नको, हळद नको, आयरिश तर काहीच नको.

पण सगळंच उडवून लावावं असंही नाही. आयर्लंडच्या दलदलीत स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढतं. जखमेवर ते बांधायची रीत जुनी. पहिल्या महायुद्धात कापूस तुटवड्यात आला तेव्हा हेच शेवाळ गोळा करून, निवडून, मलमलीच्या पिशव्यांत भरून सैनिकांच्या जखमांसाठी पाठवलं गेलं. डब्लिनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायन्समध्ये त्याचं केंद्र होतं. हे शेवाळ स्वतःच्या वजनाच्या वीसपट पाणी शोषतं आणि आम्लधर्मी असल्याने त्यात जंतू वाढायला त्रास होतो. आज्या चुकल्या नव्हत्या.

बोहोची माती तर त्याहून विलक्षण. उत्तर आयर्लंडमधल्या फरमॅना परगण्यात बोहो नावाचं खेडं आहे. तिथल्या चर्चच्या आवारात जेम्स मॅकगर नावाच्या पाद्र्याची कबर आहे. ते 1815 साली वारले. जाण्यापूर्वी ते म्हणाले होते असं सांगतात, की जिवंतपणी मी जे बरं करू शकत होतो, ते माझ्यावरची माती बरं करील. तेव्हापासून लोक चमचाभर माती फडक्यात बांधून नेतात, उशीखाली ठेवतात आणि काम झालं की परत आणून टाकतात. परत न आणणं अशुभ. 2018 मध्ये वेल्समधल्या स्वान्सी विद्यापीठाच्या संशोधकांनी याच मातीतून स्ट्रेप्टोमायसिस जातीचा एक नवा जिवाणू शोधल्याचं जाहीर केलं. नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणारे काही जंतू प्रयोगशाळेत त्याच्यापुढे वाढेनात, त्यात त्वचेच्या आणि जखमांच्या संसर्गासाठी कुप्रसिद्ध असलेला एमआरएसएसुद्धा होता. त्या संशोधकांपैकी एक जण पूर्वी त्याच भागात राहिलेला. त्याला ती माती ऐकून माहीत होती म्हणून त्याने ती तपासली.

यातून ‘माती लावा, बरे व्हा’ असं निघत नाही. काचेच्या बशीत जंतू वाढला नाही म्हणजे औषध झालं नाही. त्यामध्ये वर्षानुवर्षांचं काम आणि कोट्यवधींचा खर्च असतो. शिवाय तीच माती जखमेवर लावली तर धनुर्वाताला आमंत्रण. पण ती गोष्ट कुणी सांगितलीच नसती, तर त्या मातीपर्यंत कुणी पोचलंही नसतं.

माझं म्हणणं इथं सुरू होतं. उपाय लिहून ठेवणं वेगळं आणि उपाय सुचवणं वेगळं. 1937 च्या त्या वह्यांत मुलाचं नाव असतं, सांगणाऱ्याचं नाव असतं, बऱ्याचदा वय आणि गावही असतं. ‘माझ्या आजीने असं सांगितलं’ एवढंच ती वही म्हणते. ‘तुम्हीही करा’ असं म्हणत नाही. व्हॉट्सॲपवरच्या पोस्टने नाव काढलं, गाव काढलं, वर्ष काढलं आणि त्या जागी ‘100 टक्के गुण’ टाकलं. माणसाची आठवण होती, तिची जाहिरात झाली.

हे दोन्ही वेगळं ठेवता येतं याचं एक उदाहरण आयर्लंडमध्येच आहे. ऑस्कर वाइल्ड या लेखकाचे वडील विल्यम वाइल्ड हे डब्लिनमधले डोळ्या-कानाचे नावाजलेले शल्यविशारद होते. 1844 मध्ये त्यांनी तिथे डोळ्यांचं रुग्णालय काढलं. या माणसाला लोककथांचं आणि गावठी उपायांचं वेड. खेड्यातून येणाऱ्या माणसांकडून ते गोष्टी ऐकायचे, टिपून ठेवायचे. त्यांच्या मागे पत्नी जेन वाइल्ड यांनी 1887 मध्ये त्या सामग्रीतून पुस्तक काढलं. डॉक्टरसाहेब रांजणवाडीचे काटे वहीत लिहून घेत असतील, पण समोरच्या रोग्याच्या डोळ्यावर काटे रोखत नव्हते. तिथं ते शस्त्र हातात घेत.

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं मनाला लावून घ्यायचं काय आहे? सांगतो.

त्या यादीत नागीण आहे. नागीण म्हणजे हर्पिस झोस्टर. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की विषाणू मज्जातंतूंत झोपून राहतो, म्हातारपणी किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली की उठतो. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारख्या पुटकुळ्या येतात, आग होते. पट्ट्याचा आकार बघून आपल्या लोकांनी तिला नागीण म्हटलं आणि तिचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो, असं मानलं. आयर्लंड-ब्रिटनमध्येही हुबेहूब हीच समजूत आहे, की कमरेभोवती वेढा पूर्ण झाला की संपलं. हजारो मैलांवरच्या दोन ठिकाणी एकच भीती. आणि दोन्हीकडे उतरवणारेही आहेत. दोन्हीकडे ते यशस्वी दिसतात, कारण बहुतेकांची नागीण दोन ते चार आठवड्यांत आपली आपण वाळते.

पत्रकारितेत नवा होतो तेव्हा मी एक बातमी केली होती. शेजारच्या गावातले एक आजोबा नागीण उतरवतात. गेरूची रेघ, काहीतरी पुटपुटणं, पाच दिवस मीठ बंद. एक पैसा घ्यायचे नाहीत, चहासुद्धा नाही. मला माणूस आवडला. चार कॉलम, फोटोसह, मथळा माझाच. डॉक्टरांना एक फोन करून दोन ओळी घ्याव्यात, हे पदविकेच्या पहिल्या महिन्यात शिकवलेलं. मी केला नाही. जागा भरली होती, बातमी गोड झाली होती.

काही वर्षांनी आमच्या गल्लीतल्या एका काकूंना कपाळावर पुटकुळ्या उठल्या. मग पापणीवर, मग नाकाच्या शेंड्यावर. त्यांच्या मुलाने त्या आजोबांचा पत्ता शोधला तो माझ्या कात्रणावरून. जपून ठेवलं होतं त्याने. सहा दिवस सकाळी मोटरसायलवर मागे बसून काकू गेल्या. सातव्या दिवशी डोळा लाल होऊन धूसर दिसायला लागलं तेव्हा जिल्ह्याच्या गावी डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या डोळ्याने त्यांना आता उजेड-अंधार कळतो, माणूस ओळखू येत नाही. मुलगा मला एका शब्दाने बोलला नाही. उलट म्हणाला, ‘दादा, तुमच्या बातमीमुळेच पत्ता मिळाला.’ चांगल्या अर्थाने म्हणाला.

म्हणून आज ती राहिलेली ओळ लिहितो. नागिणीवर विषाणूविरोधी गोळ्या आहेत. पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू केल्या तर जास्तीत जास्त उपयोग होतो. चेहऱ्यावर, विशेषतः डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर पुटकुळ्या आल्या तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे जायचं. पुरळ गेल्यावरही महिनोन् महिने ठणका राहू शकतो, त्यावरही इलाज आहे. पन्नाशीनंतर घेण्याची लसही आता भारतात मिळते, महाग आहे, पण विचारून तर बघा. आपल्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचार रोखून मंत्रतंत्र करणं गुन्हा आहे. नागीण नावापुरतीच साप, त्या यादीत ती नाही. गुन्हा कुणाचा धरायचा म्हटलं तर माझाही धरावा लागेल.

आणि हो, गजकर्ण. आयर्लंडमध्ये ते बऱ्याचदा वासरांकडून माणसाला होतं, म्हणून शेतकरी घरांत सातव्या मुलाला एवढा मान. त्याने हात फिरवला तर फार तर वेळ जातो. आपल्याकडे मात्र लोक मेडिकलमधून चाळीस रुपयांची ट्यूब आणतात. त्यात स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक अशी खिचडी असते. दोन दिवसांत खाज थांबते, महिन्याने गजकर्ण कमरेपासून मांड्यांपर्यंत. 2018 पासून अशी स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे. बाजारपेठेत चार दुकानं फिरा, मग मला सांगा. औषधांना दाद न देणाऱ्या गजकर्णाच्या एका बुरशीच्या नावातच आता ‘इंडो’ आहे आणि ती अमेरिकेपर्यंत पोचली आहे. मंत्रवाल्याला हसणाऱ्या सुशिक्षित घरांतही ही ट्यूब फ्रिजवर पडलेली असते. माझ्याही होती.

तर मी एक ठरवलंय. आपल्या तालुक्यातले घरगुती उपाय मी लिहून ठेवणार आहे. त्वचेपासून सुरुवात करू. तुमच्या आजी-आजोबांना विचारा आणि मला इनबॉक्समध्ये पाठवा. शिक्षक मित्रांनो, तुमच्या मुलांना एक शनिवार हे काम द्या. आयरिश वह्यांपेक्षा एक रकाना जास्त ठेवतोय, ‘पुढे काय झालं’. तो रिकामा असेल तर मी नोंद घेणार नाही. सांगणाऱ्याची परवानगी नसेल तर नाव छापणार नाही. कुठलाही उपाय ‘करून बघा’ म्हणून टाकणार नाही.

पहिली नोंद माझी.

उपाय: नागिणीवर गेरूची रेघ, मंत्र, पाच दिवस मीठ बंद.
सांगणारे: शेजारच्या गावातले आजोबा, तेव्हा वय सत्तरच्या पुढे, आता हयात नाहीत.
लिहून घेणारा: मी.
पुढे काय झालं: बऱ्याच जणांची पुरळ वाळली. आमच्या गल्लीतल्या काकूंचा उजवा डोळा गेला.